काकडीच्या अंगावरचे दोन थेंब

मी आता जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आजच्या आज गळून पडोत, आणि डाव्या कानाने जेवढं ऐकू येतं तेवढंही बंद होवो! घरात मला थापाडी म्हणतात, म्हणू देत बापडे. दुसऱ्या गोष्टींवरून मी भांडत नाही. पण ही काकड्यांची गोष्ट माझ्या या दोन हातांनी घडलेली आहे आणि तिच्यात मी काही फार चांगली दिसत नाही. स्वतःला वाईट दाखवणारी थाप मारून कोणाला काय मिळणार, तुम्हीच सांगा.

तर, मी काकड्यांच्या शेडमध्ये कामाला होते. लांबलचक खोली, वर पत्रा. दुपारी तो पत्रा एवढा तापायचा की चिमण्या त्यावर एका पायावर उभ्या राहायच्या आणि पाय बदलायला मध्येच जरा उडून घ्यायच्या. सकाळी मळेवाले क्रेट घेऊन यायचे. आम्ही बायका टेबलावर काकड्या ओतून निवडायचो. चांगल्या खोक्यात, वाकड्या पोत्यात आणि रोगट शेडमागच्या खड्ड्यात. वाकड्यांचं म्हणाल तर एकदा अशी काकडी आली होती की तिची दोन्ही टोकं एकमेकांना भेटली होती. ती आम्ही खिळ्याला अडकवली आणि अख्खा हंगाम तिच्यावर हात पुसायचा टॉवेल वाळत घातला.

खिडकीपाशी पहिलं टेबल. तिथं ऊन यायचं नाही, पण उजेड भरपूर. त्या टेबलाला शेडमधली एकुलती एक हातांची खुर्ची, बाकी आम्ही सगळ्या स्टुलांवर. खुर्चीत डॉक्टरीणबाई बसायच्या. शिक्षण चौथी, तेही मध्येच सोडलेलं, पण काकडीच्या रोगात त्यांचा शब्द शेवटचा. त्या ठेवा म्हणाल्या तर माल राहायचा, परत न्या म्हणाल्या तर मळेवाला मान खाली घालून परत न्यायचा. सायकलवरून यायच्या आणि फाटकातच, अजून एक पाय पॅडलवर असताना, नाक वर करून म्हणायच्या की तळाच्या कुठल्यातरी क्रेटला कापूस लागलाय. खरंच लागलेला असायचा. काकडीवर आधी पाण्यात भिजल्यासारखा डाग पडतो आणि मग त्यावर पांढरीशुभ्र बुरशी उगवते, उशी उसवल्यासारखी, तो कापूस. एक काकडी अशी निघाली की तिच्या शेजारच्या दहा गेल्याच समजायच्या.

बाईंचा एक नियम होता. आधी बोलायचं, मग कापायचं. शंकेची काकडी हातात आली की तिला काय झालंय ते सगळ्यांदेखत तोंडाने सांगायचं आणि मगच सुरी लावायची. कापल्यावर काय, शेडच्या मांजरालाही कळतं. बोलून चुकलात तर चुकलात, शब्द मागे घेता यायचा नाही. त्या नियमापायी कित्येक बायका डोळे पुसत घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मी नाही गेले. मी अकरा वर्षं दुसऱ्या टेबलावर बसले आणि अकरा वर्षं त्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिले. मला ती खुर्ची हवी होती. घरात माझं म्हणून एक कपाटसुद्धा नव्हतं, पण ती खुर्ची माझी होणार हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आणि मला येत होतं हो. उगाच नाही. गोल खोलगट डाग आणि मधोमध गुलाबीसर चिकट, तर करपा. अंगभर गाठी आणि हिरव्यात पांढरट पट्टे, तर मोझॅक, तो वेलातूनच आलेला असतो. काकडीचं फुलाकडचं टोक उगाच निमुळतं झालेलं आणि वरून कातडी मात्र धडधाकट, तर आत तपकिरी कूज उतरलेली असते. ही सगळ्यात लबाड, बाहेरून अगदी गोरीगोमटी. ती मी टिचकी मारून ओळखायचे. एकदा टिचकी मारली तर आतली कूज खोकली. हसू नका, शेजारच्या बाईने तिला पाणी देऊ का म्हणून विचारलं होतं.

सगळ्यात अवघड म्हणजे गोंदाचा थेंब. काकडीच्या अंगावर मधासारखा थेंब वाळलेला दिसला की दोन गोष्टी असू शकतात. एक तर खवड्या. थेंब पुसला की खाली बारीकसा खड्डा दिसतो, आणि जुना असला तर त्यात काळपट हिरवी मखमल धरलेली असते. नाहीतर फळमाशी. थेंब पुसला की सुईच्या टोकाएवढं भोक आणि आत अळी. खवड्या निघाला तर तेवढ्या काकड्या बाजूला काढून भागायचं. पण माशी निघाली तर त्या मळेवाल्याचा सगळा माल खड्ड्यात, वर माती, आणि पंधरा दिवस त्याच्या गाडीला फाटक बंद. म्हणून थेंबावर बोलताना भल्याभल्यांची जीभ अडखळायची.

अशात माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं आणि घरात जाऊ आली. लहानखुरी, हळू बोलणारी. चालली की पावलांचा आवाज नाही. मागे येऊन उभी राहिली म्हणून मी दचकून दोनदा दूध सांडलं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिचं कौतुक केलं, हिच्या हाताला घाई नाही म्हणून. अकरा वर्षांत सासूबाईंनी माझ्या हातांबद्दल एकच वाक्य काढलं होतं, की हिचा हात लागला की कपाचा कान जातो. महिनाभरात माझी स्वतःची लेक वेणी घालून घ्यायला काकूकडे जायला लागली. मी विचारलं का गं, तर म्हणाली, काकू ओढत नाही. मी म्हटलं बरं. तोंडाने बरं म्हटलं, पण त्या दिवशी माझ्या हातून पोळीसारखी मऊ भाकरीसुद्धा करवंटी होऊन निघाली.

तरी घरातलं घरात होतं. मग आमच्या नवरोजींनी कल्पना काढली की तिला शेडमध्ये लावून दे, घरात बसून काय करेल, तुझ्याबरोबर जाईल येईल, तुलाही सोबत. सोबत मी मागितली नव्हती. पण नाही म्हणायला कारण सापडेना.

पहिल्या दिवशी मी तिला मोठ्या रुबाबात शिकवायला घेतलं. एक काकडी उचलली. तिच्या पोटाला लांबट फिकट पिवळा पट्टा होता. म्हटलं, हे बघ, ही पोटकूज. मातीला टेकलेली बाजू ओलीने सडते, टाक खड्ड्याच्या टोपलीत. तिने टाकली नाही. उलटीसुलटी केली, पट्ट्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

"ताई, ही नुसती झोपलेली आहे," ती हळूच म्हणाली. "सडलेली नाही."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मला वाटलं तिला हसल्या. तेवढ्यात डॉक्टरीणबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, दोघी बोललात ना, आता कापा. कापली तर आत पांढरी, रसरशीत, बिया कोवळ्या. पोटकूज असती तर कातडी तांबूस झाली असती, खोल बसली असती, अंगठ्याला खरखरली असती. ही गुळगुळीत होती. जमिनीला टेकून राहिल्यामुळे तेवढ्या भागाला ऊन मिळालं नव्हतं, म्हणून रंग आला नव्हता, बस. हे मला ठाऊक नव्हतं का? पाठ होतं. पण मी काकडीकडे बघतच नव्हते, मी शिकवत होते.

बाईंनी तिला नाव विचारलं. मला त्यांनी माझं नाव तिसऱ्या वर्षी विचारलं होतं.

त्या दिवसापासून तिला पहिल्या टेबलावरून हाक यायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. 'झोपलेली' हा तिचा शब्द शेडभर झाला. मळेवालेसुद्धा म्हणायला लागले, बघा हो नीट, माझी झोपलेली आहे. अकरा वर्षांत माझा एक शब्द कोणी उचलला नव्हता. मी काय कमी बोलले असेन?

मला आता काम करता करता तिच्याकडे बघायची खोडच लागली. माझं स्टूल आपोआप तिच्या बाजूला फिरायचं. ती काकडी कशी धरते, कुठून सुरुवात करते, ओला फडका किती वेळा पिळते, सगळं माझ्या डोळ्यांत भरलेलं. ती चुकावी म्हणून मी मनातल्या मनात एवढा जोर लावायचे की संध्याकाळी माझे खांदे दुखायचे. ती चुकायची नाही असं नाही. पण चुकली की स्वतःच आधी हसायची, आणि मग बाकीच्याही तिच्याबरोबर हसायच्या. मी चुकले की सगळ्या गप्प बसायच्या. या दोन्हींत किती अंतर आहे ते मला विचारा.

वर घरी आली की मलाच विचारायची. ताई, करप्यात ते गुलाबी कधी येतं हो? मी अर्धंच सांगायचे. येतं कधीमधी, म्हणायचे, आणि ओल्या हवेत येतं हे गिळून टाकायचे. दोन दिवसांनी तीच मला सांगायची, ताई, तुमचं बरोबर होतं, आणि ओल्या हवेत जास्त येतं बघा. गिळलेलं माझ्या पोटात आणि तिच्या तोंडात ताजं. सुट्टीच्या दिवशी ती कुठल्या ना कुठल्या मळ्यात जाऊन वेलांखाली वाकून बसायची. मी सुट्टीच्या दिवशी ती कुठे गेली असेल याचा विचार करत बसायचे.

मग डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी आम्हाला कळलं नाही, कारण त्यांचं नाक चालू होतं. पण एके दिवशी चिखलाच्या शिंतोड्याला त्या करपा म्हणाल्या, आणि कापून बघायच्या आधी मळेवाल्याने तो शिंतोडा शर्टाच्या बाहीने पुसून दाखवला. बाईंनी सुरी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की हंगाम संपला की त्या लेकीकडे राहायला जाणार. खुर्चीत आम्हा दोघींपैकी एक बसेल. शनिवारी सकाळी दोघींनी एकेक क्रेट वाचायचं, वरच्या दहा काकड्या, नेहमीच्या नियमाने. मी माझ्या टेबलावर वाचायचं, जावेने पहिल्या टेबलावर.

पहिल्या टेबलावर का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, ती नवीन आहे, तिला उजेड लागेल. झालं. म्हणजे खुर्ची अजून कोणाची झालेली नाही आणि ही बया शनिवारी तिच्यात बसणारसुद्धा.

शुक्रवारी दुपारी आलेले क्रेट रचायचं काम माझ्याकडे होतं. डावीकडची चळत सकाळी पहिल्या टेबलाला जायची, उजवीकडची दुसऱ्या. डाव्या चळतीवर सगळ्यात वर निळ्या चिंधीचं क्रेट आलं. निळी चिंधी म्हणजे काटक्याचा माल. काटक्या हा एक मळेवाला, एवढा बारीक की त्याची सावली पडायला दोनदा विचार करायची. त्याचा माल नेहमी नीटनेटका, एकसारखा. मी बघितलं, वरचा थर अगदी निरोगी होता. म्हणजे उद्या तिला काहीच ओळखायचं नव्हतं. चांगली आहे, चांगली आहे, असं दहा वेळा म्हणायचं, झाली पास.

बाकीच्या बायका हातपाय धुवायला नळावर गेल्या होत्या. झाडू माझ्या हातात होता. मी तो भिंतीला टेकवला, अंबाड्यात हात घालून केसांचा आकडा काढला आणि वरच्या काकडीला टोचला.

काकडीला टोचलं की ती रडतेच, त्यात काही कसब नाही. बघता बघता पाणी वर येतं, सकाळपर्यंत त्याचा गोंद होऊन वाळतो. आकड्याला दोन टोकं असतात, त्यामुळे शेजारी शेजारी दोन भोकं पडली आणि दोन थेंब वर आले. मला वाटलं उत्तम, दुप्पट रोग दिसेल. आता बघा, अकरा वर्षं काकड्या वाचणारी बाई मी. माशी डंख मारते तो एकेकटा मारते, मोजून अर्ध्या बोटाच्या अंतरावर जोडीने मारत नाही, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं की नाही? पण डोक्यात जागाच नव्हती. डोक्यात ती खुर्चीत बसलेली होती, फडका पिळत. दहाच्या दहा काकड्या मी टोचल्या. ती माशी म्हणेल किंवा खवड्या म्हणेल, कापल्यावर आत ना अळी निघेल ना खड्डा, आणि बोललेला शब्द मागे घेता येत नाही. काटक्याचं काय होईल ते मनात आलंच नाही. आलं होतं पण मी दाबलं, असं म्हटलं तर जरा बरं दिसेल, पण आलंच नाही.

शनिवारी सकाळी शेड गच्च भरली. मळेवालेही बघायला थांबले होते. आधी माझी पाळी. मी एकेक काकडी पुसून, फिरवून, मोकळ्या गळ्याने बोलत गेले. ही चांगली. ही चांगली. ही पोटकूज, हात लावून बघा, बसलीय. हा करपा. ही नुसती वाकडी, फुलावर मधमाशी पोचली नाही, रोग नाही. ही मात्र झोपलेली, असंही म्हणाले, दातओठ खाऊन. शेवटची एक गोरीगोमटी, पण फुलाकडचं टोक निमुळतं. हिच्या आत कूज आहे, म्हटलं. कापली तर तपकिरी. दहाच्या दहा बरोबर. बाई म्हणाल्या, "हं." अकरा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

मग जावेची पाळी. निळ्या चिंधीचं क्रेट तिच्यापुढे ठेवलं. थेंब छान वाळून सोनेरी झाले होते, खिडकीच्या उजेडात चमकत होते. बाईंनी बोटाने एक थेंब चाचपला आणि त्यांचा चेहरा उतरला. काटक्या दारात उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला की काल तोडताना एकही थेंब नव्हता, वेल त्याने स्वतः बघितलेत. प्रत्येक मळेवाला असंच म्हणतो.

जावेने ओला फडका घेतला, थेंब पुसले, काकडी खिडकीकडे धरली. खाली ठेवली. दुसरी पुसली. तिसरी पुसली. चौथी पुसून मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही. त्याच्या जरा वर, अंबाड्याकडे. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग परत खाली बघितलं.

"बाई, हे मला ओळखता येत नाही," ती म्हणाली.

मी जिंकले होते. खरंच जिंकले होते. माझे दहा बरोबर आणि ही पहिल्याच काकडीला अडलेली. मी मनातल्या मनात खुर्चीत बसलेसुद्धा. आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई सगळ्यांकडे वळल्या.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "येत नाही म्हणाली. एवढी वर्षं मी वाट बघत होते की कोणीतरी हे तोंडाने म्हणेल. तुम्ही सगळ्याजणी काहीतरी ठोकून देता."

आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मला सांगा, माणसाने करायचं काय? अकरा वर्षं मला आलं त्याचं 'हं', आणि हिला आलं नाही त्याचं एवढं कोडकौतुक, वर पाठीवर हात. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. शेजारच्या बाईचा चष्मा धुरकटला, तिने पुसून परत घातला.

बाई मग काटक्याला म्हणाल्या की मला दिसत नाही नीट, पण हाताला भोक लागतंय, माशीच वाटते. काटक्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, परत काढली. पंधरा दिवस फाटक बंद म्हणजे ऐन बहरातला सगळा माल वेलावरच पिवळा होणार, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं. मग बाईंनी मला पहिल्या टेबलापाशी बोलावलं, जावेच्या शेजारी उभं केलं, तिने पुसलेली काकडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, तू बोल, तुझा शब्द शेवटचा धरू.

आता आली का पंचाईत. माशी म्हणाले तर कापल्यावर अळी कुठून आणू? खवड्या म्हणाले तर खड्डा कुठे आहे? दोन्हीकडून चुकणार, तेही सगळ्यांदेखत, दहाच्या दहा बरोबर आणल्यानंतर. बरोबर उत्तर एकच होतं आणि ते जगात मला एकटीला येत होतं. एकटीला, किंवा फार तर दोघींना. काटक्याची टोपी बघून मला दया आली, असं मी नंतर पुष्कळ जणांना सांगितलं. टोपी दिसली होती, नाही असं नाही. पण बोलले ती त्यामुळे नाही. त्या पाठीवरच्या हातामुळे बोलले. हिला येत नाही म्हणून कौतुक होत असेल, तर मला येतं हे मी दाखवणारच होते, मग काय व्हायचं ते होवो.

"हा रोग नाही," मी खणखणीत आवाजात म्हणाले. "ही केसांच्या आकड्याची टोचणी आहे. कालची, दुपारची. कापून बघा."

बाईंनी कापली. आत सगळं स्वच्छ. फक्त कातडीखाली नखभर खोल दोन बारीक रेषा. दुसरी कापली, तेच. मग त्यांनी विचारलं, आकडा कोणाचा? मी अंबाड्यात हात घातला, आकडा ओढून काढला आणि त्याची दोन टोकं तिसऱ्या काकडीच्या दोन भोकांवर ठेवली. अलगद आत गेली. माझा अंबाडा सुटला आणि सगळे केस तोंडावर आले. माझे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत होते, त्यामुळे बराच वेळ मला कोणाचं तोंड दिसलं नाही, ते एक बरं झालं.

कोणी हसलं नाही. काटक्याने तेवढं विचारलं, "म्हणजे माझ्या वेलांना काही नाही ना?" बाई म्हणाल्या, काही नाही. तो तिथंच एका उलट्या क्रेटवर बसला, टोचलेली एक काकडी उचलली आणि कचाकच चावत अख्खी खाल्ली. शेडमध्ये तेवढाच आवाज. पुढच्या आठवड्यापासून तो आपले क्रेट वरून सुतळीने शिवून आणायला लागला.

बाई मला म्हणाल्या, वाचन तुझंच चांगलं, दहा बरोबर आणि हे अकरावंही बरोबर. माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोवर पुढे म्हणाल्या, पण मळेवाल्यांचा माल मी तुझ्या हातात देणार नाही, केस बांध आणि दुसऱ्या टेबलावर बस. मी केस बांधले आणि बसले.

घरी जाताना जाऊ माझ्याबरोबर चालत होती. मी सात प्रकारच्या टोमण्यांना सात उत्तरं तयार ठेवली होती. तिने एकही टोमणा मारला नाही, सातही माझ्याजवळ तशीच राहिली. घरी सासूबाईंनी विचारलं काय झालं, तर म्हणाली, खुर्ची मला दिली, पण ताईंचे दहाच्या दहा बरोबर आले. सासूबाई खूश. नवरोजी म्हणाले, वा, घरातली खुर्ची घरातच राहिली. मला वाटत होतं, सांग ना एकदाचं. सांगितलं असतंस तर मी रडले असते, भांडले असते, भांडी आदळली असती, मोकळी झाले असते. तिसऱ्या दिवशी मीच नवऱ्याला सगळं सांगून टाकलं, कारण माझं गुपित तिने सांभाळावं हेसुद्धा मला सहन होईना. नवरा सगळं ऐकून म्हणाला, बघ, किती समजूतदार आहे ती. त्या दिवशी घरातल्या दोन कपांचे कान गेले.

ती त्या खुर्चीत एकोणीस वर्षं बसली. अडलेली काकडी आली की माझ्या टेबलाकडे सरकवायची. ताई, जरा बघता? तिला खरंच अडलं आहे की माझा मान ठेवते आहे, ते मला कधी कळलं नाही. काकडीचं काय, उलटी केली, पुसली, टिचकी मारली की सांगते ती. हिला मी एकोणीस वर्षं सगळ्या बाजूंनी बघितलं. मी एका शब्दात उत्तर द्यायचे, खवड्या, करपा, काही नाही. माझा शब्द ती जसाच्या तसा उचलायची. आणि मी रोज जळायचे. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या, तिचे सगळे दात शाबूत आहेत, आणि मी अजून जळते.

मागच्या वर्षी बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो तेव्हा एकदाचं विचारलं. म्हटलं, त्या दिवशी तू ओळखलं होतंस ना, खरं सांग.

"ताई," ती म्हणाली, "आपल्याकडे शब्द मागे घेता येत नाही. येत नाही म्हणाले होते ना, मग नाही आलं."

आता एवढं सगळं सांगितलं आहे तर एक गोष्ट कबूल करून टाकते, माझ्या दातांचा प्रश्न आहे. बाकी सगळं जसंच्या तसं आहे, पण मी खणखणीत आवाजात म्हणाले, असं म्हटलं ना, ते मी रचलं. आवाज फुटलाच नव्हता. नुसते ओठ हलले. बाईंनी दोनदा विचारलं, काय गं, काय म्हणालीस? दोन्ही वेळा माझ्या घशातून काही निघालं नाही. शेजारी उभ्या असलेल्या जावेला मात्र ऐकू गेलं होतं. तीच म्हणाली, ताई म्हणताहेत, हा रोग नाही, केसांच्या आकड्याची टोचणी आहे. कोणी टोचलं ते तिने सांगितलं नाही. आकडा मीच काढला, तेवढं खरंच माझं.